तळहाताची जागा

पेटी उघडली आणि वाटलं, सॉल्टमनने भलतंच व्हायोलिन आणलंय. मग पाठीच्या लाकडातले आडवे पट्टे ओळखीचे निघाले, खालच्या कडेला कुणा जुन्या मालकाच्या घरी उडालेला टवका जागच्या जागी होता, म्हणजे व्हायोलिन आमचंच. आमचंच म्हणायची सवय काही जात नाही. फक्त मानेच्या उजवीकडे, व्हायोलिनच्या खांद्यावर, जिथलं व्हार्निश झिजून खालचं फिकट लाकूड उघडं पडलं होतं, तिथे आता झीज नव्हती. तांबूस, गुळगुळीत, चकचकीत व्हार्निश होतं, आजूबाजूच्या रंगाशी इतकं बेमालूम जुळवलेलं की तिथे कधी काही होतं हे शपथेवर सांगूनही कुणाला पटलं नसतं. मी बोट लावून पाहिलं. बोट किंचित चिकटलं.

"कसं झालंय?" सॉल्टमनने विचारलं. तो न्यूयॉर्कचा, जुन्या व्हायोलिनांचा व्यापारी. विमानातून उतरून थेट आला होता तरी कोटाला एक सुरकुती नाही.

"इथे डाग होता," मी म्हणाले.

"तोच तर घालवला. आमच्याकडचा माणूस जादूगार आहे, बाई. गिऱ्हाइकाची नजर आधी खांद्यावर जाते. तिथे खरवडल्यासारखं दिसलं की मनातल्या मनात हात आखडता घेतात."

"खरवडलेलं नव्हतं ते."

"मग काय होतं?"

सांगायला लागले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. "काही नाही," मी म्हणाले. "बघायची सवय झाली होती."

तो हसला. मग त्याने समजावून सांगितलं, जणू मी हे पहिल्यांदाच ऐकतेय. गिऱ्हाईक अकराला येईल. मागच्या रांगेत बसेल, तिकडचे दिवे बंद असतील. मी तिकडे पाहायचं नाही, नाव विचारायचं नाही, वाजवून झाल्यावर वाकून नमस्कार वगैरे करायचा नाही. "त्यांना वाजवणारा ऐकायचा नाहीये, व्हायोलिन ऐकायचंय," तो म्हणाला, आणि मला वाईट वाटलं असेल अशी शंका आल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही समजून घ्याल." न समजायला काय झालं? माझा अख्खा जन्म वाद्यवृंदात, साथ देणाऱ्या दुय्यम व्हायोलिनांच्या रांगेत गेलाय. तो गेल्यावर सभागृहाच्या तळघरातल्या त्या खोलीत मी एकटी राहिले. वाफेचा नळ भिंतीत ठोके देत होता. मी गजाला राळ लावत बसले, लावून झाली तरी लावत बसले. डावा अंगठा सकाळपासून ठणकत होता. थंडीत तो असाच करतो. कुणी म्हटलं असतं, बाई घरी जा, हे सगळं उद्यावर ढकललंय, तर मी आनंदाने घरी जाऊन झोपले असते.

या व्हायोलिनला नाव आहे. अशा सगळ्यांनाच असतं, आणि नाव मालकाचं असतं. हे सध्या 'लॉकरिज' आहे, कारण मिसेस हॅरिएट लॉकरिजच्या सासऱ्याने पोलादाच्या पैशातून ते घेतलं. त्याआधी ते 'हारग्रेव' होतं, लीड्समधल्या लोकरीच्या व्यापाऱ्याचं. त्याने म्हणे ते पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटात ठेवलं होतं. त्याच्याआधी तुरीनमधली कुणी विधवा, तिच्याआधी बेर्गामोचा कुणी वकील, आणि सगळ्यांच्या मागे क्रेमोनामधला तो माणूस, ज्याने लाकूड तासलं. ही साखळी सॉल्टमन जपमाळेसारखी म्हणून दाखवतो. यातल्या एकालाही वाजवता येत होतं असं मी कधी ऐकलं नाही. पण व्हायोलिन न वाजवता पडून राहिलं की त्याचा आवाज कोंडतो, हे मालकांनाही ठाऊक असतं. म्हणून ते कुणाला तरी वाजवायला देतात. ते कुणी तरी कोण होते, त्यांच्या हाती ते किती वर्षं होतं, परत देताना त्यांनी काय केलं, हे साखळीत कुठेच नाही. मिसेस लॉकरिजनी मला दिलं, आणि दर नाताळात त्या मला घरी बोलवायच्या. पाहुणे जमायचे, मी वाजवायचे, मग त्या उभ्या राहून म्हणायच्या, "हे माझं व्हायोलिन." आणि जरा थांबून, "आणि ही आमची मिला." एकदा कुणी तरी माझं आडनाव विचारलं, तर त्यांना आठवेना. मी पटकन म्हणाले, हार्वानिक. त्या म्हणाल्या, "हो, हो, तेच." राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मी त्या बाईवर मनापासून माया केली. मला वाजवता येत नाही मिला, पण ते माझं आहे हे मला आवडतं, असं त्या सरळ सांगायच्या. इतकं सरळ बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. ऑक्टोबरात त्या गेल्या. मागे उरला पुतण्या, ड्वाइट. तो फोनवर म्हणाला, "विकलं जाईपर्यंत तुमच्याकडेच असू दे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त हे सगळं निस्तरायचंय."

विकलं जाईपर्यंत. ते दोन शब्द मी स्वयंपाकघरात उभी राहून पुन्हा पुन्हा मनात म्हटले. माझी निवृत्ती अजून दोन हंगाम लांब आहे. जुनी व्हायोलिनं विकायला वेळ लागतो, एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की बातमी पसरते, मग दुसरं यायला वर्ष जातं. दोन हंगाम. मला जास्त नको होतं. त्यानंतर अंगठा तरी कुठे साथ देणार होता? मी रूडीला, म्हणजे नवऱ्याला, तसं म्हटलंही. तो डोंगरावरच्या दोरगाडीवर नोकरीला होता, माणसं वर चढवायची आणि खाली आणायची. निवृत्त झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीवर तोडगा सुचतो.

आज सकाळी तो दाराबाहेर बर्फ उपसत होता. उपसून झाल्यावर त्याने आमची मोडकी स्वयंपाकघरातली खुर्ची रस्त्याच्या कडेला ठेवली, म्हणजे त्या जागी दुसरं कुणी गाडी लावणार नाही. आमच्या टेकडीवर सगळेच ठेवतात. कुणी इस्त्रीचं टेबल ठेवतं, शेजारचा म्हातारा मदर मेरीचा प्लास्टरचा पुतळा ठेवतो आणि त्या जागेकडे तर पोलीसही पाहत नाही.

"ती जागा आपली आहे का रे?" मी खिडकीतून विचारलं.

"सरकारची आहे. पण बर्फ कुणी उपसलं? कंबर कुणाची मोडली?" तो फावड्यावर रेलला. "जागा त्यांची, पण बसायचा हक्क माझा. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मग लॉकरिजांच्या रस्त्यावर मी पण एक खुर्ची ठेवते."

तो आत आला, बूट झटकले, आणि माझ्या कपातली कॉफी पिऊन टाकली. त्याचा चेहरा बघूनच कळलं की काही तरी शिजतंय. "मिला, तो लांडगा अजून आहे ना त्यात?"

"कुठे जाणार?"

"मग ओरडू दे की त्याला. हात उचल आणि ओरडू दे."

त्या लांडग्याबद्दल जगात फक्त रूडीला ठाऊक आहे. आमच्या धंद्यात लांडगा म्हणतात तो एक बिघडलेला सूर असतो. कित्येक चांगल्या व्हायोलिनांत असतो, लाकडाच्या पोटात कुठे तरी दडलेला. बाकी सगळं मधासारखं वाजतं आणि त्या एका सुरावर आल्यावर आवाज थरथरतो, फाटतो, गुरगुरतो. याच्यात तो जाड तारेवर, उंच सुरांकडे चढल्यावर येतो. पहिल्या हंगामात तो सापडला. वाटलं, माझीच चूक असणार, मलाच हे पेलत नाही. आणि लॉकरिज म्हातारीला सांगितलं तर ती व्हायोलिन उचलून पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी देईल. मी रोज तालमीला लवकर जायचे आणि त्या एका सुराभोवती घोटाळायचे. गज हलका केला, जड केला, बोट बदललं. काही उपयोग होईना. एके दिवशी दमून, कंटाळून, हात सैल सोडून वर चढले तेव्हा तळहाताचा खालचा मांसल भाग व्हायोलिनच्या खांद्यावर टेकला आणि सूर शांत झाला. एकदम शांत, जसं रडणारं मूल कुणी तरी उचलल्यावर होतं. मी हात काढला, लांडगा आला. टेकवला, गेला. मग मी व्हायोलिन उजेडात धरून पाहिलं. तिथे व्हार्निश आधीच झिजलेलं होतं. फिकट डाग, माझ्या तळहाताच्या त्या भागापेक्षा जरासा लहान. मी कितीदा पाहिला होता तो आणि दर वेळी वाटलं होतं, जुनं आहे, झिजायचंच. कुणी तरी इथे हात ठेवला होता. त्याच्याआधी आणखी कुणी. त्यांनी एकमेकांना पाहिलं नसेल, एकमेकांची भाषाही आली नसती, पण लांडगा सगळ्यांना भेटला होता आणि सगळ्यांनी तो असाच निजवला होता. त्या दिवशी मी तिथेच खुर्चीत बसून रडले. आनंदाने की कशाने, आजही नक्की सांगता येणार नाही. एवढं आठवतं की त्या मोठ्या शहरात, त्या मोठ्या वाद्यवृंदात मला पहिल्यांदा कुणाची तरी सोबत वाटली. पुढची सगळी वर्षं मी तो डाग मोठा केला. माझ्या घामाने, माझ्या मांसाने. तेवढाच माझा त्या व्हायोलिनच्या इतिहासात भाग होता, आणि सॉल्टमनच्या जादूगाराने त्यावर ब्रश फिरवला.

"ही फसवणूक होईल रूडी," मी सकाळी म्हणाले होते.

"फसवणूक तू इतकी वर्षं करत आलीस. लांडगा लपवून ठेवलास. आज पहिल्यांदा खरं वाजव! आहे तसं. हात न लावता." तो खूश झाला होता. "गिऱ्हाईक आपसूक पळेल, आणि तुला पाप पण नाही. फादरला विचारू का? मी आज चर्चमध्येच आहे, उपासाच्या शुक्रवारचे मासे तळायला."

"तू मासे तळ."

पण बसमध्ये, नदीवरच्या पुलावर, मला त्याच्या म्हणण्यात चूक काढता येईना. नदीवर बर्फाचे मळके तुकडे वाहत होते. खरंच, मी काय वाईट करणार होते? व्हायोलिन जसं आहे तसं ऐकवणार होते. जो विकत घेतो त्याला दोष कळायला नको? उलट हात टेकवणं हेच खोटं. हे सगळं इतकं सरळ होतं की मला त्याचा थकवा आला. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान धरला ती एका सकाळी लबाडी ठरते आणि जिला लबाडी म्हणावं ती प्रामाणिकपणा ठरते, आणि या वयात हे नव्याने समजून घ्यायचं. मी डोळे मिटले. फक्त दोन हंगाम, मी स्वतःला सांगितलं.

अकराला मी रंगमंचावर गेले. माझ्या डोक्यावर एकच दिवा, समोर काळोख. रिकाम्या सभागृहाला धुळीचा आणि जुन्या मखमलीचा वास येतो, भरलेल्याला कधी येत नाही. मागे कुणी तरी घसा साफ केला. बाई की पुरुष, तेही कळलं नाही. "सुरू करा," सॉल्टमनचा आवाज आला. मी बारीक तारेपासून सुरुवात केली. हे सॉल्टमनकडे दुरुस्तीला गेल्यापासून आठवडेच्या आठवडे घरच्या स्वस्तातल्या व्हायोलिनवर काढल्यामुळे की काय, पहिला गज मी नको इतका लांब ओढला. आवाज माझ्या हातून निघून मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथे जरा थांबला. मी वाजवत राहिले. काय वाजवतेय याकडे लक्ष नव्हतं, सरावातल्या चाली, लहानपणी आई कपडे वाळत घालताना गुणगुणायची ती एक, जिचे शब्द मला कधी कळले नाहीत. अंगठा ठणकायचा थांबला होता. मनात येत होतं, अजून थोडा वेळ. मग काळोखातून सॉल्टमन म्हणाला, "जाड तार. वरपर्यंत. सावकाश."

मी चढू लागले. सावकाश. एकेक सूर स्वच्छ, भरदार. हात व्हायोलिनच्या खांद्याशी आला आणि मी तळहात मुद्दाम उचलून धरला, कणभर, मागून कुणाला दिसणारही नाही इतका. पुढचं बोट ठेवलं. लांडगा जागा झाला. आधी हनुवटीच्या हाडात जाणवला, मग कानात, एक खरखर, तळाशी काही तरी हलायला लागल्यासारखी. अजून तो बाहेर आला नव्हता. अजून अर्धा श्वास, आणि मागच्या रांगेत बसलेल्या त्या माणसाने ऐकलं असतं, कपाळाला आठी घातली असती, आणि व्हायोलिन संध्याकाळी माझ्याबरोबर टेकडीवर घरी आलं असतं. मला ते हवं होतं. दुसरं काही इतकं हवं असल्याचं मला आठवत नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा तळहात खाली गेला. मी नेला नाही. तो गेला. परक्यांसमोर आपलं माणूस अडखळायला लागल्यावर हात जसा आपोआप त्याच्या कोपराखाली जातो, तसा गेला आणि टेकला. लांडगा निजला. सूर मोठा झाला, उघडला, त्या रिकाम्या सभागृहात असा पसरला की मी स्वतः तो याआधी इतका चांगला कधी ऐकला नव्हता. तळहाताला चिकट लागलं. दिव्याच्या उष्णतेने की माझ्या, नवं व्हार्निश मऊ झालं होतं. मी सूर संपेपर्यंत हात तसाच ठेवला.

 मागे खुर्चीची बैठक मिटल्याचा आवाज, दोन माणसांची कुजबूज, दार. संपलं होतं. मला राग आला नाही, दुःखही लगेच आलं नाही. मी कठडा धरून तळघराचा जिना उतरले.

सॉल्टमन मागोमाग आला. त्याचा चेहरा उजळला होता. "बाई, काय वाजवलंत! त्या जाड तारेवर तर... ते म्हणाले, इतकी निर्दोष तार त्यांनी ऐकली नव्हती. घेतलं त्यांनी. तिथल्या तिथे!"

"कोण वाजवणार आता?" मी विचारलं.

"तिकडे एक मुलगी आहे, खूप नाव होतंय तिचं. तिला देतील. पण हे मी बोललो नाही हं."

"तिला एक निरोप द्याल?"

"कसला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. वर चढलीस की हात टेकव, एवढंच. पण मग तो विचारणार, का? आणि 'का' ऐकल्यावर निर्दोष तार निर्दोष राहणार नव्हती, आणि तो निरोप त्या मुलीपर्यंत पोचणारही नव्हता. "काही नाही," मी म्हणाले. आज दुसऱ्यांदा. "तिला म्हणावं, थंडीपासून जप."

"जरूर. मी वर फोन करून येतो. तुम्ही पुसून पेटीत ठेवा, हो?" त्याने दार ओढून घेतलं. मला निरोप घ्यायला वेळ द्यावा असं त्याला वाटलं असावं. वाईट माणूस नव्हता तो.

वाजवून झालं की पुसायचं, हा आमच्यातला पहिला धडा. घाम व्हार्निशला खातो. मी फडकं घेतलं, तारांखालची राळ पुसली, मान पुसली, हनुवटीची जागा पुसली. मग व्हायोलिन दिव्याखाली धरलं. त्या गुळगुळीत खांद्यावर माझ्या हाताने एक मंद डाग सोडला होता, तेवढ्यापुरती चकाकी गेलेली. फडकं फिरवलं असतं तर नाहीसा झाला असता. मी फडकं खाली ठेवलं. मग तळहात तोंडाशी धरून श्वासाने गरम केला आणि त्या जागी टेकवला. दाबला. त्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे येत नव्हता, पण तिची घाबरगुंडी मला पाठ होती. आपलीच चूक असणार, आपल्याला हे पेलत नाही, सांगितलं तर काढून घेतील. मी सगळा भार त्या हातावर दिला. खांदा दुखायला लागला तरी दिला. आता रडू आलं, तेही येऊ दिलं. हात उचलला तेव्हा तो सुटताना बारीक आवाज झाला आणि व्हार्निशवर खोलगट, खडबडीत, ओबडधोबड ठसा राहिला. नीट पाहणाऱ्याला त्वचेच्या रेघासुद्धा दिसल्या असत्या. वरच्या खोलीतून सॉल्टमनचं हसणं ऐकू येत होतं. मी व्हायोलिन पेटीत ठेवलं, त्यावर रेशमी कापड घातलं आणि झाकण लावलं.

रूडी मागच्या गल्लीत गाडी सुरू ठेवून बसला होता. आत तळलेल्या माशांचा वास कोंडला होता. त्याने कागदात गुंडाळलेला पाव माझ्या मांडीवर ठेवला, माझे रिकामे हात पाहिले आणि गाडी काढली. पुलावर आल्यावर म्हणाला, "खुर्ची तशीच ठेवून आलोय. जागा असेल आपली."

"असेल," मी म्हणाले.

मी पाव उघडायला गेले तर कागद तळहाताला चिकटला. रूडीने हात ओढून उजेडात धरला. "हे काय लागलंय तांबडं?"

"व्हार्निश," मी म्हणाले. "ओलं होतं अजून."